संगणकाची श्रेणीवाढ अर्धवट राहिली तर...

पूर्वी गावाचे दप्तर रुमालात बांधून कपाटात ठेवले जाई. त्याला पावसाळ्यात ओल लागू नये, वाळवी लागू नये, याची काळजी ग्रामसेवक, तलाठी आणि मुख्याध्यापक घेत असत. आज त्याच दप्तराचा मोठा भाग संगणकात गेला आहे. ग्रामपंचायतीची कर आकारणी, ग्रामसभेची इतिवृत्ते, शाळेच्या प्रश्नपत्रिका, दाखल्यांचे मसुदे आणि वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार टेबलावरच्या एका पेटीत साठवलेला असतो. या पेटीला वाळवी लागत नाही हे खरे. तथापि तिच्यावरही काही आपत्ती येतात. कार्यप्रणालीची श्रेणीवाढ अर्ध्यावर फसणे ही त्यांपैकी एक होय.

मायक्रोसॉफ्ट कंपनीने २९ जुलै २०१५ रोजी आणलेल्या 'विंडोज १०' या कार्यप्रणालीचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. त्या दिवसानंतर हे संगणक बंद पडले नाहीत. मात्र नव्याने उघडकीस येणाऱ्या सुरक्षाविषयक उणिवा बुजविणारी मोफत दुरुस्ती नेहमीच्या पद्धतीने मिळणे थांबले. साहजिकच अनेक कार्यालयांनी आणि शाळांनी ५ ऑक्टोबर २०२१ पासून उपलब्ध असलेल्या 'विंडोज ११'कडे वळण्यास आरंभ केला. बहुतेक ठिकाणी हे काम सुरळीत पार पडते. काही ठिकाणी मात्र दोन-तीन तास गेल्यावर पडद्यावर बदल मागे घेतले जात असल्याचा संदेश येतो आणि संगणक पुन्हा जुन्याच रूपात उभा राहतो. अशा वेळी कर्मचारी गोंधळून जातात. कोणी वीजपुरवठा तोडतो, कोणी तीच कृती चार वेळा करून पाहतो, तर कोणी जवळच्या दुरुस्तीवाल्यास बोलावतो आणि तो "फॉर्मॅट मारून देतो" असे सांगतो. संगणकापेक्षा त्यातील दप्तर मोलाचे असते आणि ते बहुधा याच घाईत नष्ट होते. म्हणून या प्रसंगी काय करावे आणि काय करू नये, याची माहिती असणे अगत्याचे आहे.

कार्यभाराचे हस्तांतरण

कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम, ही संगणकातील अव्वल कारकुनासारखी असते. कोणते काम कोणाकडे जावयाचे, कोणता कागद कोठे ठेवावयाचा, छपाईयंत्राला आज्ञा केव्हा द्यावयाची, हे सर्व ती ठरविते. श्रेणीवाढ म्हणजे या जुन्या कारकुनाकडून नव्याकडे कार्यभार सोपविणे. कार्यालयात जसे यादी करून, कागद मोजून आणि स्वाक्षऱ्या होऊन कार्यभार दिला जातो, तसेच संगणकातही टप्प्याटप्प्याने घडते.

हे टप्पे मुख्यतः चार आहेत. पहिल्या टप्प्यात जुनी प्रणाली चालू असतानाच नवीन प्रणालीच्या फाइली उतरवून घेतल्या जातात आणि यंत्र पात्र आहे किंवा नाही याची तपासणी होते. दुसऱ्या टप्प्यात संगणक पुन्हा सुरू होऊन एका लहानशा तात्पुरत्या व्यवस्थेच्या आधारे नवीन प्रणालीची मांडणी करतो. तिसऱ्या टप्प्यात नवीन प्रणाली प्रथमच उभी राहते आणि यंत्राच्या निरनिराळ्या भागांशी ओळख करून घेते. चौथ्या टप्प्यात वापरकर्त्याची खाती, मांडणी आणि कार्यक्रम तिच्या ताब्यात दिले जातात.

या चारांपैकी कोठेही अडथळा आला, तर संगणक सामान्यतः आपण होऊन मागे वळतो आणि जुन्या प्रणालीस पूर्ववत कामावर रुजू करतो. नव्याने कार्यभार स्वीकारला नाही, तर जुना कारकून जागेवर राहतो, त्यातलाच हा प्रकार. त्यामुळे श्रेणीवाढ फसली म्हणजे माहिती गेली, असा अर्थ होत नाही. किंबहुना बदल मागे घेतले जात असल्याचा संदेश हा सुरक्षा व्यवस्था नीट चालत असल्याचा पुरावा होय. ते काम चालू असताना वीज तोडणे मात्र खरोखर धोक्याचे असते. टक्केवारीचा आकडा एकाच जागी बराच वेळ थांबला, तरी यंत्रावरील हार्डडिस्कचा दिवा लुकलुकत असेल, तर काम चालू आहे असे समजून धीर धरावा.

सांकेतिक क्रमांक वाचावा कसा

अपयशानंतर पडद्यावर बहुधा एक सांकेतिक क्रमांक दिसतो. पडद्यावर तो रोमन लिपीत असतो. पुष्कळ जण तो न वाचताच चौकट बंद करतात. ही चूक टाळली पाहिजे. रुग्णाच्या तापाची नोंद जशी वैद्यास उपयोगी पडते, तशीच ही नोंद दुरुस्ती करणाऱ्यास पडते. तो क्रमांक कागदावर उतरवून घ्यावा, अथवा मोबाइलवर पडद्याचे छायाचित्र काढून ठेवावे.

या क्रमांकाचे पुष्कळदा दोन भाग असतात. पहिला भाग काय घडले ते सांगतो. दुसरा भाग कोठे घडले ते सांगतो. उदाहरणार्थ, '०एक्ससी१९००१०१ – ०एक्स२००१७' असा क्रमांक घेऊ. यातील पहिला भाग बहुधा ड्रायव्हरचा दोष दर्शवितो. ड्रायव्हर म्हणजे छपाईयंत्र, ध्वनियंत्रणा, चित्रयंत्रणा अशा भागांशी प्रणालीचा संवाद घडविणारा छोटा कार्यक्रम. दुसऱ्या भागात 'एक्स' या अक्षरानंतर येणारा पहिला अंक टप्पा दर्शवितो. येथे तो २ आहे; म्हणजे अडथळा दुसऱ्या टप्प्यात आला. तेथे ३ असता, तर नवीन प्रणाली प्रथमच उभी राहत असताना ती अडखळली असे समजले असते. एवढ्या वाचनानेही शोधाचे क्षेत्र पुष्कळ आटोपशीर होते.

नेहमी आढळणारे आणखी काही क्रमांक ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. '०एक्स८००७००७०' म्हणजे हार्डडिस्कवर पुरेशी मोकळी जागा नाही. '०एक्ससी१९००२००' म्हणजे यंत्र किमान अटी पूर्ण करीत नाही. '०एक्ससी१९००२०८' म्हणजे संगणकातील एखादा जुना कार्यक्रम नवीन प्रणालीशी जुळत नाही. याशिवाय संगणक स्वतःही एक अहवाल तयार करतो. विंडोज १० च्या २००४ या आवृत्तीपासून 'सेटअपडायग' नावाचे निदानाचे साधन श्रेणीवाढीच्या व्यवस्थेतच अंतर्भूत आहे. 'विंडोज' या फोल्डरातील 'लॉग्ज'च्या आत त्याच नावाच्या फोल्डरात त्याचा निष्कर्ष पाहावयास मिळतो. तो तांत्रिक कर्मचाऱ्यास दाखविल्यास त्याचा बराच वेळ वाचतो.

यंत्र पात्र आहे काय?

पुढील प्रयत्नाआधी एका प्रश्नाचे उत्तर मिळविले पाहिजे, ते म्हणजे हे यंत्र मुळात विंडोज ११ साठी पात्र आहे काय? नव्या प्रणालीस ४ गिगाबाईट रॅम, ६४ गिगाबाईट साठवण, सुरक्षित आरंभाची सोय आणि 'टीपीएम २.०' नावाची सुरक्षा व्यवस्था लागते. शिवाय प्रोसेसर कंपनीच्या मान्य यादीतील असावा लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी साधारणपणे आठव्या पिढीपासून सुरू होते. त्यामुळे २०१७ पूर्वी खरेदी केलेले बहुतेक संगणक यातून वगळले जातात. मायक्रोसॉफ्टचे 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत साधन चालविले असता यंत्र पात्र आहे अगर नाही, आणि नसल्यास कशामुळे, ते कळते.

येथे एक बारकावा आहे. काही यंत्रांत टीपीएमची सोय असते, पण ती मूळ मांडणीत बंद ठेवलेली असते. असे यंत्र केवळ त्या कारणाने अपात्र ठरते आणि ती सोय सुरू करताच पात्र होते. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. ज्या यंत्राची हार्डडिस्क 'बिटलॉकर'ने कुलूपबंद आहे, त्याची ४८ अंकी चावी अगोदर लिहून ठेवावी आणि मूळ मांडणीत बदल करण्यापूर्वी बिटलॉकर तात्पुरते स्थगित करावे. अन्यथा बदलानंतर यंत्र ती चावी मागते. चावी कोठेच नोंदविलेली नसेल, तर कुलपाआडची माहिती परत मिळत नाही.

यंत्र खरोखरच अपात्र असेल, तर आडवाटेने नवीन प्रणाली बसविण्याच्या युक्त्या सांगणारे पुष्कळ भेटतात. शासकीय दप्तर असलेल्या यंत्रावर असे प्रयोग करू नयेत. अशा यंत्रास पुढील सुरक्षा दुरुस्त्या मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही, आणि ज्या कारणासाठी हा खटाटोप करावयाचा, तेच त्यामुळे साधत नाही. विंडोज १० साठी वाढीव सुरक्षा दुरुस्त्यांची योजना कंपनीने जाहीर केली. व्यक्तिगत वापरासाठी तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवण्यात आली आणि संस्थांसाठी ती शुल्क भरून कमाल तीन वर्षे घेता येईल असे ठरले. ज्यांचे काम मुख्यतः पत्रलेखन आणि इंटरनेटवरील आहे, त्यांच्यापुढे लिनक्सचाही पर्याय आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या 'सी-डॅक' या संस्थेने २००७ मध्ये आणलेली 'बॉस' ही भारतीय भाषांना अनुकूल अशी प्रणाली त्याच कुळातील आहे. मात्र डिजिटल स्वाक्षरीचे साधन आणि छपाईयंत्र तिच्यावर चालते किंवा नाही याची खात्री आधी करून घ्यावी.

प्रथम प्रत, मग प्रयत्न

यंत्र पात्र असूनही श्रेणीवाढ फसली असेल, तर दुसऱ्या प्रयत्नापूर्वी दप्तराची राखीव प्रत घेणे हे पहिले कर्तव्य होय. येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. 'शालार्थ', 'यू-डायस प्लस' अथवा 'ई-ग्रामस्वराज' यांसारख्या व्यवस्थांत भरलेली माहिती दूरच्या केंद्रीय संगणकावर असते. टेबलावरचा संगणक बिघडला म्हणून ती नाहीशी होत नाही. धोका असतो तो याच यंत्रात असलेल्या फाइलींना. पडद्यावरील 'डेस्कटॉप', 'डॉक्युमेंट्स' आणि 'डाउनलोड्स' या तीन ठिकाणी बहुतेक कार्यालयांचे दप्तर पसरलेले असते. कित्येकदा 'डी' भागातही ते असते. या सर्वांची प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्यावी. ती दुसऱ्या एखाद्या संगणकावर उघडून पाहावी आणि मगच पुढे जावे. उघडून न पाहिलेल्या प्रतीवर विसंबून राहू नये.

मराठी कार्यालयांत आणखी एक गोष्ट घडते. युनिकोड रूढ होण्यापूर्वीचा पत्रव्यवहार 'श्रीलिपी' किंवा 'आयएसएम' यांच्या जुन्या टंकांत साठविलेला असतो. ते टंक नसलेल्या संगणकावर हीच पत्रे उघडली, तर मराठीऐवजी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक रांग दिसते. फाइल बिघडली असे समजून ती पुसून टाकली जाण्याचा धोका यातून उद्भवतो. म्हणून फाइलींबरोबर टंकांचीही प्रत घ्यावी आणि जुने कार्यक्रम बसविण्याच्या मूळ तबकड्या व परवाना क्रमांक शोधून एकत्र ठेवावेत.

दोष दूर करण्याचा क्रम

प्रत हाती आली की सोप्या उपायाकडून कठीण उपायाकडे जावे. एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे कोणत्या उपायाने गुण आला ते कळते.

पहिला उपाय जागेचा. हार्डडिस्कच्या 'सी' भागात निदान २० गिगाबाईट मोकळी जागा असावी; त्याहून अधिक असल्यास उत्तम. कचरापेटी आणि तात्पुरत्या फाइली रिकाम्या केल्याने पुष्कळदा एवढी जागा निघते.

दुसरा उपाय अनावश्यक जोडण्या काढण्याचा. छपाईयंत्र, स्कॅनर, पेनड्राइव्ह, डिजिटल स्वाक्षरीचे डोंगल, बोटांचे ठसे घेणारे यंत्र या सर्वांच्या तारा तेवढ्या वेळेपुरत्या सोडवाव्यात. कळफलक, माउस आणि पडदा एवढेच ठेवावे. ड्रायव्हरच्या दोषामुळे आलेले अपयश पुष्कळदा एवढ्यानेच टळते.

तिसरा उपाय विषाणूरोधक कार्यक्रमाचा. बाहेरून विकत घेतलेला असा कार्यक्रम नव्या फाइलींना परके समजून अडवू शकतो. तो केवळ थांबविणे पुष्कळदा पुरत नाही. परवाना क्रमांक जपून ठेवून तो रीतसर काढावा आणि श्रेणीवाढीनंतर पुन्हा बसवावा. मधल्या काळात विंडोजची स्वतःची संरक्षक व्यवस्था काम करते.

चौथा उपाय ड्रायव्हर अद्ययावत करण्याचा. ते संगणक बनविणाऱ्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावेत. सर्व ड्रायव्हर एका झटक्यात बसवून देण्याचे आश्वासन देणाऱ्या अनोळखी कार्यक्रमांपासून दूर राहावे.

पाचवा उपाय जुन्या प्रणालीच्या डागडुजीचा. मूळ प्रणालीच जीर्ण झाली असेल, तर तिच्यावरून श्रेणीवाढ होणे कठीण. त्यासाठी विंडोजमध्येच तीन साधने आहेत. 'चेकडिस्क' हार्डडिस्क तपासते, 'डीआयएसएम' दुरुस्तीसाठी लागणारा मूळ साठा ठीक करते आणि 'सिस्टिम फाइल चेकर' बिघडलेल्या फाइली त्या साठ्यातून बदलते. ती याच क्रमाने चालवावीत. चेकडिस्कने हार्डडिस्कच खराब असल्याचे दाखविले, तर श्रेणीवाढीचा विचार सोडून प्रथम डिस्क बदलावी.

पेनड्राइव्हचा सापळा

इंटरनेटवरून होणारी श्रेणीवाढ वारंवार फसत असेल, तर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून किमान ८ गिगाबाईटच्या पेनड्राइव्हवर नवीन प्रणाली उतरवून घेता येते. हा मार्ग चांगला आहे. मात्र त्यात एक सापळा आहे. चालू असलेल्या विंडोजमध्ये पेनड्राइव्ह लावून तेथील 'सेटअप' सुरू केले, तर फाइली आणि कार्यक्रम राखून श्रेणीवाढ करता येते. याउलट संगणक बंद करून तो पेनड्राइव्हवरूनच सुरू केला, तर होते ती नवी कोरी मांडणी. त्या वाटेने जुने कार्यक्रम टिकत नाहीत, आणि चुकीचा भाग निवडला गेल्यास दप्तरही पुसले जाते. दोन्ही ठिकाणचे पडदे बरेचसे सारखे दिसतात, म्हणून ही गल्लत सहज होते.

चालू विंडोजमधून सुरुवात केल्यावर काय राखावयाचे, असा प्रश्न विचारला जातो. तेथे वैयक्तिक फाइली आणि कार्यक्रम दोन्ही राखण्याचा पर्याय निवडावा. तो पर्याय फिकट दिसत असेल आणि निवडता येत नसेल, तर पुढे जाऊ नये. पुष्कळदा त्याचे कारण भाषेत असते. संगणकातील विंडोज ब्रिटिश इंग्रजीची आणि पेनड्राइव्हवरील अमेरिकी इंग्रजीची असेल, तर कार्यक्रम राखता येत नाहीत. जुळणाऱ्या भाषेची प्रत उतरवून घेतली की अडचण दूर होते.

संगणक सुरूच होत नसेल तर

क्वचित प्रसंगी मागे वळण्याची क्रियाही पुरी होत नाही आणि पडदा काळाच राहतो. अशा वेळीही फॉर्मॅटचा निर्णय घेऊ नये. विंडोज लागोपाठ दोनदा सुरू होऊ शकली नाही, तर त्यानंतर दुरुस्तीचा निळा पडदा सामान्यतः आपोआप येतो. तेथे आरंभाची दुरुस्ती आणि ताजी श्रेणीवाढ काढून टाकणे असे पर्याय असतात. तेही निष्फळ ठरले, तरी हार्डडिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडता येते आणि तीवरील फाइलींची प्रत घेता येते; डिस्क बिटलॉकरने बंद असल्यास मात्र त्यासाठी चावी लागते. दुरुस्तीवाल्यास काम देताना "आधी फाइलींची प्रत द्या, ती आम्ही पाहू, मग पुढील काम करा" असे स्पष्ट सांगावे आणि शक्य तर ते लिहून घ्यावे.

यशानंतरचे दहा दिवस

श्रेणीवाढ यशस्वी झाली म्हणजे काम संपले असेही नाही. जुनी प्रणाली 'विंडोज डॉट ओल्ड' या फोल्डरात काही काळ राखून ठेवलेली असते आणि सामान्यतः १० दिवसांच्या आत मागे परतता येते. या मुदतीत नेहमीचे प्रत्येक काम एकदा करून पाहावे. एक दाखला छापावा. एक कागद स्कॅन करावा. जुन्या टंकातील एक पत्र उघडावे. ग्रामपंचायतीत देयके अदा करण्यासाठी सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी या दोघांच्या डिजिटल स्वाक्षऱ्या लागतात. ते दोन्ही डोंगल चालतात याची खात्री करावी. मुदत संपल्यावर उणीव ध्यानात आली, तर परतीचा सोपा रस्ता उरत नाही. जागा मोकळी करण्याच्या नादात ते फोल्डर आधीच पुसून टाकू नये, हेही ओघाने आलेच.

वेळेची निवडही महत्त्वाची आहे. मार्चअखेरचा हिशेब, शाळाप्रवेशाचे दिवस किंवा ग्रामसभेचा आदला दिवस या कामासाठी घेऊ नये. सुटीला लागून येणारा, वीज खात्रीची असणारा दिवस निवडावा. यूपीएसची बॅटरी चालते काय ते आधी पाहावे. लॅपटॉप असल्यास तो विजेला जोडून ठेवावा. कार्यालयात अनेक संगणक असतील, तर प्रथम सर्वांत कमी महत्त्वाच्या एका यंत्रावर प्रयोग करावा, आठवडाभर अनुभव घ्यावा आणि मग इतरांकडे वळावे.

या साऱ्यासाठी कोणी संगणकतज्ज्ञ असण्याची आवश्यकता नाही. कार्यालयात एक साधी नोंदवही असावी. तीत प्रत्येक यंत्राची खरेदीची तारीख, बिटलॉकरची चावी कोणाच्या ताब्यात आहे, शेवटची राखीव प्रत केव्हा घेतली आणि श्रेणीवाढीच्या वेळी कोणता क्रमांक दिसला, एवढे लिहिलेले असावे. कर्मचाऱ्यांच्या बदल्या होत राहतात. अशी नोंदवही असली, तर नव्याने आलेल्या माणसाला पुन्हा मुळापासून शोध घ्यावा लागत नाही. घरपट्टीची आकारणी किंवा एखाद्या मुलाच्या जन्मतारखेची नोंद ही गावाची ठेव आहे. रुमालातील दप्तर ज्या निगुतीने जपले गेले, त्याच निगुतीने ही ठेव पुढील पिढीच्या हाती सोपविणे, ही आता संगणकासमोर बसणाऱ्या प्रत्येकाची जबाबदारी आहे.